पपईवरचा पांढरा कापूस, नारळावरची काजळी: औषध फवारण्याआधी

पपईच्या पानामागे, जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर किंवा सीताफळाच्या डोळ्यांमध्ये कापसासारखं पांढरं काही दिसलं की पहिला विचार येतो तो जालीम औषध आणण्याचा. हा कापूस म्हणजे बहुधा पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. औषध मारलं की चार दिवस झाड स्वच्छ दिसतं. तिसऱ्या आठवड्यात कापूस परत येतो आणि बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त येतो. औषध कमी पडलं असं वाटून पुढच्या वेळी मात्रा वाढवली जाते. खरं कारण वेगळं असतं. कीड मारताना तिला खाणारे कीटकही मेले, आणि त्यांची संख्या किडीच्या वेगाने परत वाढत नाही.

परदेशातून आलेल्या किडींच्या बाबतीत हे नीट समजून घ्यायला हवं. स्वतःच्या मूळ मुलखात कीड सहसा अमाप वाढत नाही, कारण तिथे तिच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, ढालकिडे, बुरशी असतात. रोपांबरोबर किंवा फळांबरोबर ती नव्या देशात पोहोचते तेव्हा हे शत्रू मागेच राहतात. मग दोन-तीन वर्षं तिला कोणी अडवणारं नसतं.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ही कीड मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. भारतात ती २००८ मध्ये कोइंबतूर भागात सापडली आणि पाहता पाहता पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद यांवर पसरली. महाराष्ट्रातल्या पपईच्या बागाही सुटल्या नाहीत. फवारण्यांनी ती आटोक्यात आली नाही. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस पपायी नावाची, लांबी एक मिलिमीटरही न भरणारी गांधीलमाशी आणली गेली, बेंगळुरूच्या शेतीकीटकांवरच्या राष्ट्रीय संस्थेत तिची तपासणी झाली, मग ती बागांमध्ये सोडली. ही माशी माणसाला चावत नाही. ती पिल्लू-ढेकणाच्या शरीरात अंडं घालते, आतली अळी ढेकूण पोखरून खाते आणि नवी माशी बाहेर पडते. जिथे ती रुजली तिथे काही महिन्यांतच ढेकूण ओसरला. आज तुमच्या परसातल्या पपईवर अधूनमधून थोडा कापूस दिसून आपोआप जात असेल, तर त्याचं श्रेय बहुधा या माशीचं किंवा तिच्यासारख्याच दुसऱ्या कुणाचं असतं. तिला जिवंत ठेवणं हे परसबागेतलं पहिलं काम.

आधी ओळख

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं आणि या कामात ते पंपापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पपईवरचा ढेकूण पांढऱ्या भुकटीखाली पिवळसर असतो आणि मादी लांबट कापसाच्या पिशवीत अंडी घालते. एका पिशवीत शंभरापासून काही शे अंडी असू शकतात. कपाशी, जास्वंद, भेंडी, टोमॅटो यांवर दिसणाऱ्या दुसऱ्या एका परदेशी ढेकणाच्या पाठीवर गडद ठिपक्यांच्या दोन ओळी असतात. त्याचं नाव फेनाकोकस सोलेनॉप्सिस, मूळ उत्तर अमेरिका. त्याच्यावरही एक गांधीलमाशी आपल्याकडे आहे, एनॅसियस, आणि तिला कोणी मुद्दाम सोडलेलं नव्हतं. ती ढेकणाच्या मागोमाग आपणहून पोहोचली. जास्वंदीचा शेंडा आखडून गुच्छासारखा झाला असेल आणि आतले किडे गुलाबी असतील, तर तो गुलाबी पिठ्या ढेकूण, आशियातलाच. गंमत म्हणजे हाच १९९४ मध्ये कॅरिबियन बेटांवर, ग्रेनाडात पोहोचला आणि तिथे परदेशी कीड ठरला.

आता भिंगातून मेलेले ढेकूण शोधा. भुकटी उडालेला, फुगलेला, तपकिरी, चामड्यासारखा टणक झालेला ढेकूण दिसला तर तो 'ममी' आहे. आत गांधीलमाशी वाढते आहे. त्यावर सुईने पाडल्यासारखं गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून कामाला लागलीसुद्धा. ढोबळ नियम असा ठेवा: दहा ढेकणांमागे तीन-चार ममी दिसत असतील तर काहीही फवारू नका. मुंग्या अडवा, पाणी मारा आणि दोन आठवडे थांबा.

दुसरी ओळख चुकली तर नुकसान मोठं. क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. प्रौढ किडा काळसर, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. त्याची अळी मात्र हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते: पांढरी, मेणाचे लांब धागे अंगभर. लोक तिलाच सगळ्यात मोठा ढेकूण समजून चिरडतात. फरक सोपा आहे. अळी ढेकणापेक्षा बरीच मोठी असते, सेंटिमीटरभर लांब होते, धागे विस्कटलेले असतात आणि काडीने डिवचलं की ती भराभर चालते. ढेकूण जागचा हलत नाही किंवा अगदी सावकाश सरकतो. चालणाऱ्या पांढऱ्या अळीला हात लावू नका.

मुंग्यांचा बंदोबस्त आधी

ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. मुंग्यांना ती हवी असते. त्या बदल्यात त्या ढेकणांवर पहारा ठेवतात, गांधीलमाशीला अंडं घालू देत नाहीत, ढालकिड्याच्या अळ्यांना हुसकतात. मुंग्या हटवल्या की बाकीचं अर्धं काम मित्रकीटक करतात. तरीही हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते.

खोडाला जमिनीपासून दोन-तीन फुटांवर वीतभर रुंद प्लास्टिकची किंवा जुन्या बॅनरची पट्टी गुंडाळा, सुतळीने घट्ट बांधा आणि पट्टीवर ग्रीस किंवा एरंडेल तेलाचा जाड थर द्या. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल भाजते आणि तरुण पपईचं मऊ खोड तर सडू शकतं. पट्टीखाली फट राहिली तर मुंग्या तिथून वर जातात, म्हणून आधी खाली कापसाची किंवा चिंधीची गुंडाळी द्या. धूळ बसली की चिकटपणा जातो. दर पंधरा दिवसांनी नवा थर लागतो. दर महिन्याला पट्टी सैल करून पुन्हा बांधा, नाहीतर वाढत्या खोडाला काच पडतो. आणि एक फांदी जरी भिंतीला, कपडे वाळत घालायच्या दोरीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असेल, तर पट्टीचा काही उपयोग नाही. ती फांदी छाटा.

वारूळच कमी करायचं असेल तर आमिष वापरा. १०० मिली कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. पावडर केमिस्टकडे मिळते. कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत ठेवा आणि डबी मुंग्यांच्या वाटेवर ठेवा. पावडर जास्त घालण्याचा मोह टाळा. प्रमाण वाढलं की मुंगी वाटेतच मरते, वारुळात राणीपर्यंत काही पोहोचत नाही. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्या हाती डबी लागणार नाही अशी जागा निवडा. खोडाभोवती हळद किंवा खडूची रेघ पहिल्या पाण्यात वाहून जाते, त्यावर विसंबू नका.

पाणी, कात्री, साबण

नळीला बोट लावून पानाच्या मागच्या बाजूला जोराचा फवारा मारा, आठवड्यातून दोनदा, सकाळी. पडलेले ढेकूण बहुतेक परत चढू शकत नाहीत, कारण रस शोषताना त्यांची सोंड झाडात रुतलेली असते आणि ती तुटते. कुंडीतल्या एखाद-दुसऱ्या रोपावर चारदोन ढेकूण असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून टाका.

फार भरलेले शेंडे आणि पानं कापा, पण कापलेलं कुंपणापलीकडे फेकू नका. गाजरगवतावर, बला (चिकणा) या तणावर, शेजाऱ्याच्या जास्वंदीवर हा ढेकूण सुखाने जगतो आणि वाऱ्याबरोबर परत येतो. कंपोस्टच्या खड्ड्यातही नको. ममी दिसत असतील तर फांद्या बादलीत ठेवा, बादली साबणाचं पाणी भरलेल्या परातीत उभी करा आणि वरून मच्छरदाणीचं कापड बांधा. गांधीलमाश्या इतक्या बारीक असतात की जाळीतून सहज बाहेर पडतात, आणि चालत निघालेली ढेकणांची पिल्लं पाण्यात अडकतात. दोन-तीन आठवड्यांनी सुकलेला पाला जाळून टाका किंवा पुरून टाका. ममी नसतील तर फांद्या सरळ काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा.

यानंतरही गरज राहिली तरच फवारणी. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेण असतं, त्यावरून पाणी ओघळून जातं. अंडी कापसात गुंडाळलेली असतात. हाती लागतात ती फक्त अंड्यातून नुकती निघालेली, मेण न चढलेली पिल्लं. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, त्यामुळे एका फवारणीत काम होत नाही. सात-सात दिवसांनी तीन वेळा फवारावं लागतं. दुसरी-तिसरी राहून गेली तर पहिलीही फुकट.

साबणासाठी पोटॅश साबण किंवा माशांच्या तेलापासून केलेला रोझिन साबण घ्या, लिटरला १० ते २० ग्रॅम. भांडी घासायच्या पावडरीने आणि कपड्यांच्या डिटर्जंटने पानांच्या कडा जळतात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर साबण फाटतो आणि त्याचा जोर जातो. बाटलीत अर्धा लिटर पाणी घ्या, साबण घाला, हलवा. फेस टिकत नसेल आणि वर दह्यासारखा साका आला तर ते पाणी चालणार नाही. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरा.

कडुनिंबाचं तेल वापरायचं तर लिटरला ५ मिली. चूक होते ती मिसळण्याच्या क्रमात. तेल थेट पाण्यात टाकलं की ते वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी निव्वळ तेल, आणि शेवटची झाडं भाजतात. आधी ५ मिली तेलात २ ग्रॅम साबण घोळा, त्यात थोडं कोमट पाणी घालून दुधासारखं होईपर्यंत फेटा, मग उरलेलं पाणी घाला आणि फवारताना पंप हलवत राहा. निंबोळी अर्क करायचा असेल तर सुकलेल्या निंबोळीच्या गराची २५० ग्रॅम भरड रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवा, सकाळी दोनदा कापडातून गाळा, पाणी घालून पाच लिटर करा, शेवटी २५ ग्रॅम साबण. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. उन्हात त्याचा गुण उडतो, म्हणून फवारणी संध्याकाळी, नोझल खालून वर धरून, पान मागून पूर्ण भिजेल अशी करा.

पपई तेलाला नाजूक आहे. आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट पाहा. सुकलेल्या, तहानलेल्या झाडावर काहीही फवारू नका. आदल्या दिवशी पाणी द्या.

पावसाळ्यात आणि दमट हवेत लेकॅनिसिलियम ही किडींवर वाढणारी बुरशी चांगली चालते. दुकानात ती व्हर्टिसिलियम या जुन्या नावाने मागावी, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात तिचा उपयोग होत नाही आणि बुरशीनाशकाबरोबर मिसळली तर ती मरते. क्रिप्टोलेमस विकत मिळाला तर मोठ्या झाडाला दहा प्रौढ किडे पुरतात, मात्र ढेकूण भरपूर असतानाच सोडावेत. खायला नसेल तर ते उडून जातात.

नारळाखालची काळी फरशी

कोकणात आणि गोव्यात नारळाखालची तुळस, अंगण, उभी गाडी काळपट चिकट होते तेव्हा वर झावळीच्या मागच्या बाजूला रुगोज चक्राकार पांढरी माशी असते. मध्य अमेरिकेची ही माशी भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाची भागात सापडली. ती गोल-गोल फिरत पांढऱ्या मेणात अंडी घालते म्हणून हे नाव. पेरू, केळी, चिकू, सीताफळ यांवरही ती जाते.

पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका. काजळी दिसायला भयंकर असली तरी ती एक बुरशी आहे; पानांवर पडलेल्या गोड चिकट्यावर ती वाढते, झाडाच्या आत शिरत नाही. नारळ यामुळे मरत नाही. कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेचा सल्लाही रासायनिक कीटकनाशक टाळण्याचाच आहे, आणि तो मनापासून पाळावा. कारण इथेही एन्कार्सिया ग्वाडेलुपी ही गांधीलमाशी आपणहून आलेली आहे. झावळीचा तुकडा काढून भिंगाखाली धरा. पांढरट कोषांमध्ये काळे पडलेले कोष दिसले तर त्यात एन्कार्सिया आहे. रिकाम्या कोषावर गोल भोक असेल तर एन्कार्सिया बाहेर पडली. इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असेल तर पांढरी माशी. गोल भोकं जास्त दिसू लागली की झाड सावरायला लागलं असं समजा.

काळे कोष भरपूर असलेल्या पात्या कापून जवळच्या लागण झालेल्या झाडावर बांधल्या तर एन्कार्सिया तिथेही जाते. पण निरोगी वाडीत अशा पात्या नेऊ नका, त्यांच्याबरोबर थोडी पांढरी माशीही जातेच. खोडावर पिवळे चिकट कागद लावून प्रौढ माश्या काही प्रमाणात कमी होतात. बुटक्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा सगळ्यात चांगला. जोराच्या पावसात ही कीड कमी होते आणि फेब्रुवारी ते मेच्या कोरड्या उन्हात वाढते.

काजळी काढायला स्टार्च. १० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर थोड्या गार पाण्यात कालवा, उकळत्या पाण्यात ओतून पातळ खळ करा, एकूण एक लिटर होऊ द्या, गार करून गाळा आणि पानांवर फवारा. वाळली की तिचे पापुद्रे सुटतात आणि काजळी त्यांच्याबरोबर गळते. गाळली नाही तर नोझल तुंबतो.

नारळाच्या मुळाला किंवा खोडाला विषारी औषध पाजण्याची जुनी पद्धत घराच्या अंगणात अजिबात करू नका. तेच शहाळं घरातली मुलं पितात.

टोमॅटोवरची परदेशी अळी

टोमॅटोच्या पानावर बारीक वळणावळणाची पांढरी रेघ म्हणजे नागअळी. तिने फारसं बिघडत नाही. पण रुंद, पारदर्शक, आत काळी विष्ठा साठलेला डाग आणि फळाला देठाजवळ टाचणीएवढं भोक असेल, तर ती दक्षिण अमेरिकेतून आलेली टुटा अ‍ॅब्सोल्युटा. भारतात २०१४ मध्ये तिची पहिली नोंद महाराष्ट्रातच, पुणे परिसरात झाली. दहा-वीस झाडांच्या बागेत हातानेच काम होतं: डाग पडलेली पानं आणि भोकं पडलेली फळं दर तिसऱ्या दिवशी तोडून बंद पिशवीत उन्हात ठेवा. अळ्या लहान असतानाच संध्याकाळी बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर) लिटरला २ ग्रॅम फवारा. एकदा अळी पानाच्या आत बसली की औषध पोहोचत नाही. टोमॅटो संपल्यावर त्याच वाफ्यात लगेच टोमॅटो, वांगी किंवा बटाटा नको, आणि कुंपणाजवळची कांगुणी (टोमॅटोच्या कुळातलं तण) उपटा. दीड महिना यांपैकी काहीच नसेल तर साखळी तुटते.

बाटली घ्यायचीच असेल तर

बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल अतिविषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि हिरवा. घराच्या परसात हिरव्याच्या पुढे जायची गरज सहसा पडत नाही. लेबलवर तुमच्या पिकाचं नाव नसेल तर ते औषध त्या झाडासाठी नाही.

झाडाच्या रसात मिसळणाऱ्या औषधांबद्दल विशेष सावध राहा. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळाशी ओतलं की ते फुलाच्या मधात उतरतं आणि मधमाश्यांपर्यंत जातं. इतकंच नाही, ढेकूण बाहेर टाकतो त्या गोड थेंबांतही ते येतं, आणि तोच गोडवा खाणाऱ्या गांधीलमाश्या त्याने मरतात. म्हणजे फवारलं नाही तरी मित्रकीटक जातात.

दारातून आत येणारं रोप

यांतली बहुतेक कीड आपणच घरी आणतो: नर्सरीतून, गावाहून डिकीत टाकून आणलेल्या कलमांबरोबर, मैत्रिणीने दिलेल्या जास्वंदीच्या फांदीबरोबर. नवं रोप बाकीच्या झाडांपासून दूर तीन आठवडे ठेवा. पानांचे बेचके, कुंडीच्या तळाची भोकं आणि पिशवी काढल्यावर मुळांचा गड्डा भिंगाने पाहा. ढेकूण मुळांवरही असतो.

परदेशात राहणाऱ्यांनी कढीपत्त्याच्या बाबतीत हे जास्तच जपायला हवं. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्याच्यावर जगणारी आशियाई सिट्रस सिला ही कीड १९९८ मध्ये फ्लोरिडात आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचली, आणि संत्र्या-लिंबांची झाडं मारणारा हिरवेपणाचा रोग ती पसरवते. म्हणून तिथे कढीपत्त्याचं रोप किंवा ताज्या फांद्या एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावर बंधनं आहेत. मैत्रिणीकडून डहाळी आणण्याआधी आपल्या भागाचे नियम पाहून घ्या; रोप हवंच असेल तर परवानाधारक नर्सरीतून घ्या.